किती दिवस, ते विचारलं नाही

परक्या देशात घर घ्यायचं म्हटलं की आपल्या माणसांना सल्ल्याचा उमाळा येतो. ज्याने जन्मात स्वतःच्या नावावर कोंबड्यांचं खुराडं घेतलं नाही, तोही मांडी ठोकून सांगतो, छप्पर बघ, गटार बघ, शेजार बघ. मिस्त्रीला असे सल्लागार पैशाला पासरी भेटले. त्यातला साडू तर घरांचा धन्वंतरी, कारण त्याने त्या देशात दोन घरं घेतली होती आणि एक विकलंही होतं.

साडू म्हणाला, "घर एकदा सकाळी बघायचं, एकदा संध्याकाळी. सगळे नळ एकदम सोडायचे. शेजाऱ्याला विचारायचं, हा विकतोय का म्हणून. विकणाऱ्याचा वकील तो आपला वकील नव्हे, आपला वेगळा करायचा."

"वकील कशाला? भिंत मला कळते."

"भिंत कळते तुला. कागद कळतो का? बरं, नको करू. पण सहीच्या दिवशी तिथे फार प्रश्न विचारत बसू नकोस. इथली माणसं लगेच अडाणी समजतात."

म्हणजे बघा, वकिलाचा सल्ला सोन्यासारखा होता, तो मिस्त्रीने सोडला. शेवटचा निव्वळ विष होता, तेवढा मात्र पदराला गाठ मारून नेला.

मिस्त्री फरशी बसवायचा. एकोणीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत आणि दवाखान्यांच्या बोळांत गुडघ्यांवर रांगून त्याचे गुडघे उंटासारखे झाले होते. बायको त्याच दवाखान्यांपैकी एकाच्या धुलाईत चादरी घड्या करायची. दोघांना मिळून एक भाड्याची खोली होती आणि ती त्यांना पुरत होती. घराची हौस नव्हती. घर हवं होतं आईसाठी.

आई तिकडे गावी, लेकीच्या घरी. लेकीचं घर म्हणजे जावयाचं घर. जावई तोंडाने काही बोलायचा नाही, पण ताटलीचा आवाज करायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई फोनवर म्हणायची, "मी इथे पाव्हणी आहे रे. दोन वर्षं झाली, पाव्हणी जात नाही म्हणून सगळे घड्याळाकडे बघतात." आईला इकडे आणायचं तर त्या देशाचा नियम होता की येणाऱ्या आईबापाला स्वतंत्र खोली दाखवा. भाड्याच्या घरातली खोली चालत नाही, मालकीची हवी. खिडकी हवी, इतकी लांब हवी, इतकी रुंद हवी. माणूस यायच्या आधी त्याच्या खोलीचा पाळणा हलवून दाखवायचा, असला कारभार. अर्ज गेला, उत्तर आलं. वर्षभरात खोली दाखवा, नाहीतर फाईल बंद. फाईल बंद झाली की पुन्हा रांगेच्या शेपटाला, म्हणजे चार वर्षं. अठ्ठ्याहत्तरात चार मिळवले की काय होतं ते मिस्त्रीला बोटं न मोजता कळत होतं.

आणि मग ते घर मिळालं. गावाच्या कडेला, बैठं, पुढे स्वयंपाकाच्या ओट्यासकट एक मोठी खोली, मध्ये एक, मागे एक. किंमत बाजारापेक्षा कितीतरी कमी. मिस्त्रीने तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. स्वस्त का आहे हे माशाने गळ गिळल्यावर विचारून उपयोग नसतो.

घर मात्र त्याने असं तपासलं की डॉक्टरने माणूस काय तपासावा. खिशातून पाणसळ काढून जमिनीवर ठेवली, ओळंबा सोडून भिंती बघितल्या, फरशी न् फरशी बोटाच्या पेराने वाजवली. तीन फरश्या पोकळ वाजल्या, त्याने खडूने खुणा केल्या. नळ सोडले. माळ्यावर चढून वासे नखाने खरवडले. विकणारा माणूस हाताची घडी घालून बघत राहिला. बँकेत असावा तसे त्याचे बूट होते.

मागच्या खोलीत खिडकीशी एक म्हातारा बसला होता. विकणाऱ्याचा बाप. ऊन त्याच्या मांडीवर आलं होतं. खोली नेमकी तीच, आईची. खिडकी पूर्वेला, न्हाणीघर दोन पावलांवर, उंबरा नाही. मिस्त्रीने ती खोली डोळ्यांनीच आईच्या नावावर केली. म्हाताऱ्याने मान वर केली तेव्हा मिस्त्री वाकून इथल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "बाबा, घर तुमचंच आहे. केव्हाही या." आपण म्हणतो की नाही? दारात आलेल्या परक्यालाही म्हणतो. म्हातारा खूश झाला. मुलगाही हसला, जरा जास्तच.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, हे म्हातारे कुठे जाणार?"

"मुलाबरोबर. आणखी कुठे?"

"विचारलंत?"

"बापाला बरोबर नेणार का, असं कोणी कोणाला विचारतं का? थोबाडात मारेल तो. तुला कोणी विचारलं, सासूला उकिरड्यावर टाकणार का, तर चालेल तुला?"

"मी विचारणाऱ्याला उत्तर देईन, त्यात काय मारामारी?" असं म्हणून ती चालू लागली. तिचं हे असंच, बरोबर तेवढं एकदाच बोलायची.

सहीचा दिवस उजाडला. कचेरीत लांबलचक टेबल, एका बाजूला विकणारा आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला हे दोघं आणि भाषांतर करायला आलेली एक दुभाषी मुलगी. मधोमध नोंदणी अधिकारी एकतीस पानांचं खरेदीखत मोठ्याने वाचत होता. तो एक परिच्छेद वाचायचा, मुलगी तो मराठीत सांगायची. दोन तास झाले. मिस्त्रीने जेवण केलं नव्हतं, नवा सदरा मानेला काचत होता, आणि तो दर वाक्याला मान डोलवत होता, कारण साडूने सांगितलं होतं.

बाविसाव्या पानावर मुलगी म्हणाली, "मागच्या खोलीत विक्रेत्याच्या वडिलांचा राहण्याचा हक्क तसाच चालू राहतो, आणि तो घर घेणाऱ्यावर बंधनकारक आहे."

मिस्त्रीने मान डोलवली. म्हातारं माणूस आहे, सामान हलवायला वेळ लागतो. चार दिवस, आठ दिवस. राहू दे की. आपण काय कसाई आहोत?

टेबलाखाली बायकोची चप्पल त्याच्या नडगीवर बसली. ती दाताखाली पुटपुटली, "किती दिवस, ते विचारा."

मिस्त्री तसाच पुटपुटला, "म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर, किती दिवस? वेड लागलं का तुला? अभद्र दिसतं."

म्हातारा समोर नव्हताच. त्याचा मुलगा होता, पण मिस्त्रीला तेवढंही पुरलं. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाबद्दल "किती दिवस" हा प्रश्न आपल्या तोंडून निघत नाही. आपण दवाखान्यात डॉक्टरलासुद्धा बोळात नेऊन, आवाज पाडून विचारतो. अधिकाऱ्याने पेन थांबवून विचारलं, हे कलम समजलं का, मान्य आहे का. मिस्त्री अगदी मोठ्या मनाने म्हणाला, "हो, हो. घर त्यांचंच आहे." मुलीने ते जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं.

किल्ली घेऊन दोघं घरी आली तर पुढच्या दोन खोल्या धुतल्यासारख्या रिकाम्या. खिळेसुद्धा काढून नेले होते. मागच्या खोलीत म्हातारा खिडकीशी बसला होता. पलंग जागेवर, कपाट जागेवर, चप्पल पलंगाखाली.

"मुलगा कधी येणार, बाबा?"

म्हाताऱ्याला ऐकायला कमी यायचं. त्याने हात वर करून सगळ्या खोलीभर फिरवला आणि म्हणाला, "ये, ये, बस."

पंधरा दिवस त्यांनी वाट बघितली. मुलाचा फोन लागेना. मग साडूने वेगळ्या वकिलाचं नाव दिलं, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. त्या वकीलबाईने खत वाचलं, बाविसाव्या पानावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून दोघांकडे बघितलं.

"हे मरेपर्यंत आहे," ती म्हणाली. भाषा इथली होती, पण एवढं दोघांनाही कळलं. "म्हणूनच घर स्वस्त होतं. बेकायदा काहीच नाही. वाचून दाखवलंय, तुम्ही हो म्हणालात. हो काय, तुम्ही तर घर त्यांचंच आहे असं म्हणालात. इथे लिहिलंय."

"आमच्यात तसं म्हणतात," बायको म्हणाली.

"आमच्यात लिहून ठेवतात," वकीलबाई म्हणाली. वाईट नव्हती ती, पैसेही अर्धेच घेतले. दोघं निघाली तेव्हा म्हणाली, हक्क दोनच वाटांनी संपतो. एक तर तो माणूस मरतो, नाहीतर सरकारी वृद्धाश्रमात कायमचा दाखल होतो. तिसरी वाट नाही.

मिस्त्री हातपाय हलवल्याशिवाय बसणारा नव्हता. पुढच्या मोठ्या खोलीत मधोमध भिंत घालून एक खोली काढतो म्हणाला. भिंत काय, डाव्या हाताचा मळ. खोलीची मोजणी करायला कचेरीतून अधिकारी आला, टेप ओढली आणि म्हणाला, पुढच्या अर्ध्या भागात खिडकी येत नाही. खिडकी नसलेली खोली ही खोली नाही. मागच्या अर्ध्यात चूल आहे. चूल असलेली खोली हीसुद्धा खोली नाही. मग मागच्या खोलीत डोकावला. म्हाताऱ्याने त्यालाही "ये, ये, बस" केलं. अधिकारी बसला नाही. कागदावर लिहिलं, खोली उत्तम, पण व्याप्त.

"आम्ही दोघं पुढे झोपतो, मधली आईला देतो," बायको म्हणाली.

"पुढची खोली धरत नाहीत. म्हणजे तुम्ही दोघं कुठेच झोपत नाही."

"झोपतो हो. या बघायला."

अधिकारी हसला नाही. पाच महिने उरलेत, एवढं सांगून गेला. अशा माणसांवर रागावूनही काही होत नाही, हाच खरा राग आहे. ते वाईट वागत नाहीत. ते फक्त टेप लावतात.

आईला सांगावं लागलंच. मिस्त्रीने आठ वेळा मनात वाक्यं जुळवली आणि नवव्या वेळी भलतंच बोलून गेला. आई म्हणाली, "म्हणजे तू घर घेतलंस, त्यात एक म्हातारा फुकट आला."

"तसंच काहीसं."

"भाडं देतो का?"

"नाही."

"मग भाडेकरू कसला, जावई म्हण त्याला." आणि ती हसली. जावयाच्या घरात बसून जावयावर हसायला काळीज लागतं.

त्यानंतर दर फोनला ती विचारायची, "तो कसा आहे?" मिस्त्री सुरुवातीला सरळ उत्तर द्यायचा. बरा आहे, भूक चांगली आहे, काल बागेत पाच फेऱ्या मारल्या. एक दिवस त्याच्या लक्षात आलं की आपण म्हाताऱ्याची तब्येत सांगतो तेव्हा पलीकडे आईचा श्वास खाली बसतो. मग तो "आहे" एवढंच म्हणायला लागला. आईही मग तेवढ्यावरच थांबायची. एका शब्दात दोघांची पापं झाकली जात.

घरात तर सगळं नागडंच होतं. म्हाताऱ्याला कोणी जेवण करून देत नव्हतं, तो पाव आणि डबाबंद मासे खायचा. बायकोला ते बघवेना. तिने एक दिवस वाटीभर वरण नेऊन दिलं, आणि परत येऊन ओट्याशी उभी राहून स्वतःलाच शिव्या दिल्या.

"मी त्याला खाऊ घालते आणि मनात म्हणते, मर. खाऊ घालते आणि म्हणते, मर. मी कुठल्या नरकात जाणार, अहो?"

"मीही येतो," मिस्त्री म्हणाला. "तिथे तरी खोलीला खिडकी लागत नसेल."

म्हाताऱ्याला यातलं काहीच कळत नव्हतं. किंवा सगळं कळत असेल. त्याच्या मुलाचा त्याला कधी फोन आला नाही. एकदा मिस्त्री न्हाणीघरातली पोकळ फरशी काढून नवी बसवत होता, तेव्हा म्हातारा दारात स्टूल टाकून दोन तास बघत बसला. शेवटी सांध्यावरून बोट फिरवून म्हणाला, "चांगलं." मिस्त्रीला एकोणीस वर्षांत कुठल्याही घरमालकाने हे म्हटलं नव्हतं. त्याला आणखी राग आला.

मुदतीचा दीड महिना उरला होता तेव्हा म्हातारा पडला. सकाळचे अकरा वाजले होते, बायको कामावर, मिस्त्रीला त्या दिवशी काम नव्हतं. मागून धप्प असा आवाज आला, पोतं टाकल्यासारखा. मिस्त्री उठला, मागच्या खोलीच्या दाराशी गेला आणि थांबला. दार अर्धं उघडं होतं. पलंगाच्या पलीकडे एक पाय दिसत होता, मोजा अर्धा निघालेला.

तो किती वेळ उभा होता ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. थोडा वेळ. पण उभा होता. मग आत गेला, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि फोन लावला.

कंबरेचं हाड मोडलं होतं. दवाखान्याने ते जोडलं. तीन आठवड्यांनी तिथल्या समाजसेविकेने मिस्त्रीला बोलावून घेतलं. छोटी खोली, भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. ती सावकाश बोलली, म्हणजे मिस्त्रीला सगळं कळावं.

"त्यांच्या मुलाला चार पत्रं पाठवली, उत्तर नाही. आता ते एकटे राहू शकत नाहीत. घरात राहणारं कोणी सही करून देत असेल की सकाळ-संध्याकाळ यांच्याकडे बघू, तर घरी सोडू. नाहीतर आज दुपारी गाडी येईल, वृद्धाश्रमाची. तिथे कायमचं."

"कायमचं," मिस्त्री म्हणाला.

"हो. तुम्ही नातेवाईक नाही. तुमच्यावर काही बंधन नाही. नाही म्हणालात तर कोणी काही विचारणार नाही."

मिस्त्री बोळात आला. त्या बोळातली फरशी त्यानेच घातलेली होती, सहा वर्षांपूर्वी, पण आज ते त्याच्या डोक्यातही आलं नाही. तिसरी वाट नाही म्हणाली होती वकीलबाई, पण दुसरी होती, आणि ती आज पायाशी येऊन पडली होती. त्याला एक बोटही उचलायचं नव्हतं. नुसतं न उचलायचं होतं. त्याने बायकोला फोन केला. ती त्याच इमारतीच्या तळघरात, धुलाईत होती, मागे यंत्रांची घरघर.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मी हो म्हटलं तरी तुम्ही मला बोलाल आणि नाही म्हटलं तरी बोलाल. तुमच्या आईला विचारा."

त्याने आईला विचारलं. सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, आई म्हणेल, अरे, म्हातारं माणूस आहे, घेऊन जा घरी. त्याला तसं ऐकायचं होतं, म्हणजे ओझं तिच्या डोक्यावर गेलं असतं. आयांनी असं बोलावं अशी आपली सोय असते.

आई म्हणाली, "सही करू नकोस."

"आई..."

"काय आई? त्याला वृद्धाश्रमात पलंग मिळेल, जेवण मिळेल, औषध मिळेल. मला इथे काय मिळतं ते तुला माहीत आहे का? काल मी दूध सांडलं. कोणी काही बोललं नाही. सगळे नुसते बघत होते, पुसते कशी ते. मला खाली वाकता येत नाही रे. मी पायाने फडकं फिरवत होते. मला किती दिवस इथे ठेवणार आहेस तू? किती दिवस, ते सांग."

तिने विचारलं. ती विचारू शकत होती.

"सही करू नकोस," ती पुन्हा म्हणाली आणि आवाज मऊ करून, "पेपर पुढे आला की हात मागे घे. एवढंच."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

तो वॉर्डात गेला, म्हटलं निदान बघून यावं. म्हातारा पलंगाच्या कडेवर बसला होता. दुपारची गाडी कुठली ते त्याला कोणी सांगितलं असेल-नसेल, पण आज निघायचंय एवढं कळलं होतं. त्याने कोट घातला होता. बूट घातले होते. बुटांची नाडी बांधता आली नव्हती, ती दोन्हीकडे लोंबत होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तीत दाढीचं सामान.

मिस्त्रीला बघून तो शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाला म्हणाला, "आला. मी म्हटलं नव्हतं? हा माझ्या घरी राहतो."

मिस्त्रीचे गुडघे खाली टेकायला सरावलेले होते. त्याला कळायच्या आत तो खाली बसला आणि नाड्या बांधायला लागला. समाजसेविका मागे कागद घेऊन उभी होती. ती काहीच बोलली नाही. बोलली असती, आग्रह केला असता, तर तो नाही म्हणाला असता. त्याने शपथेवर सांगितलं असतं, मी नाहीच म्हणणार होतो. डावी नाडी बांधली, उजवी बांधली. मग हात वर करून कागद मागितला आणि खाली बसल्या बसल्याच, म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. बाविसाव्या पानावरचं कलम वाचून दाखवलं तेव्हा कसं मोठं मन झालं होतं. आता मन बिन काही नव्हतं. लादी उलटी बसली आणि सिमेंट धरलं, तसं काहीतरी होतं.

टॅक्सीत म्हातारा खिडकीकडे बसला. रस्ता बघत होता, दुकानांच्या पाट्या वाचत होता. मिस्त्रीच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने तो काढून बघितला आणि उताणा मांडीवर ठेवला. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला.

म्हाताऱ्याला ऐकायला कमी यायचं, पण उजेड दिसला. त्याने मिस्त्रीच्या मांडीवर बोटाने टकटक केलं.

"तुझा फोन," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"घरून असेल. घे."

मिस्त्रीने फोन घेतला, कानाला लावला. पलीकडून आई म्हणाली, "झालं का?"